टोक नसलेली गाठ

टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ आणि नखं तुटली तरी सुटत नाही ती निरगाठ. मंडळी, आजची गाठ या दोन्हींहून वेगळी. तिला टोकही नाही आणि दोराही नाही. ती भोवऱ्याची गाठ आहे. मी बी.ए. झालेला माणूस, समीकरणं मला कळत नाहीत. पण मुशायऱ्यात दिलेल्या ओळीला आपली ओळ जोडणं, याला 'गिरह' म्हणतात, म्हणजे गाठच. तेव्हा गाठीशी जुनी ओळख.

१८६७ साली एडिंबरात पीटर टेट यांनी एका पेटीत धूर भरला. पेटीला पुढे भोक, मागे ताणलेलं कापड. कापडावर थाप मारली की धुराचं वलय बाहेर पडे. दोन वलयं भिडली, तर रबरासारखी थरथरून दूर होत. ते पाहून विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांना वाटलं, अणू असेच असतील! तेव्हा सारं विश्व ईथरने भरलेलं आहे असं मानत. त्यात घर्षण नाही, म्हणून भोवरा विरणार नाही, गाठ सुटणार नाही. प्रत्येक मूलद्रव्याची गाठ निराळी. टेटनी तर पुढे गाठींच्या याद्याच केल्या. ईथर गेला, सिद्धान्तही गेला. पण इतकी देखणी चूक मी दुसरी पाहिली नाही.

घर्षणाविना वाहणारा द्रव मात्र खरोखर सापडला. उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास द्रवरूप हीलियम तसं वागू लागतं. बादलीतला भोवरा हळूहळू मंदावतो. इथे ती सोय नाही. १९४९ मध्ये लार्स ऑन्सागर यांनी सुचवलं, की या भोवऱ्याचं बळ ठरावीक मापानेच मिळतं. एक माप, दोन मापं, अर्धं नाही. भोवऱ्याचा गाभा म्हणजे पोकळ धागा, जाडी सेंटिमीटरच्या सुमारे दहा कोटीव्या भागाइतकी. हा धागा मध्येच संपत नाही. द्रवाच्या कडेला टेकतो, नाहीतर फिरून स्वतःलाच मिळतो. मिळण्याआधी स्वतःभोवती वेढा घातला असेल, तर झाली गाठ.

मग केल्विनचं म्हणणं इथे तरी खरं ठरावं ना? क्लेक्नर, कॉफमन आणि आयर्विन यांनी २०१६ मध्ये संगणकावर असा द्रव मांडून त्यात ३२२ गाठी आणि कड्या घालून पाहिल्या. सगळ्या सुटल्या! कारण त्या पोकळ गाभ्यातच आहे. न तुटण्याचा नियम द्रवाला लागू, आणि गाभ्यात द्रवच नाही. दोन धागे जवळ आले की तुटतात आणि टोकांची अदलाबदल करून पुन्हा जुळतात. हे तुटणं-जुळणं खऱ्या हीलियममध्येही दिसलं आहे; मेरीलंडच्या संशोधकांनी गोठलेल्या हायड्रोजनचे कण धाग्यांवर अडकवून ते टिपलं.

मला भावली ती पुढची गोष्ट. गाठ सुटते, पण तिच्यातला पीळ सगळा जात नाही. सुटलेली वलयं वेटोळी घेत राहतात. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, हे आपल्याकडे हट्टी माणसाबद्दल म्हणतात. इथे ते मोजून दाखवलं आहे.

२०२२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी एक वेगळी शक्यता मांडली. काही क्वांटम द्रवांत भोवऱ्यांच्या अनेक जाती असतात. वेगळ्या जातीचे धागे समोरासमोर आले, तर त्यांना अशी अदलाबदल करताच येत नाही, आणि त्यांची काही गाठोडी सुटत नाहीत. ही निरगाठ त्यांना गणितात सापडली, भांड्यात नव्हे.