अ‍ॅप तारा चुकीचा दाखवतंय? ध्रुवावरून तपासा

टेंभुर्णीसारख्या गावातून तारे ओळखायला स्टेलॅरियमची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. लोकेशन चालू करून फोन आकाशाकडे धरला की समोरच्या ताऱ्याचं नाव येतं. पण दिशा कळते ती फोनमधल्या होकायंत्रावरून. पत्र्याचं छत, गाडी किंवा कव्हरमधलं चुंबक जवळ असलं की ते गंडतं.

मोकळ्या जागी या आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा.

आता खात्री करा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे आपला अक्षांश. टेंभुर्णीत सुमारे २० अंश. हात ताणून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणून उत्तरेला दोन मुठी वर बघा. फोन तिकडे धरल्यावर पोलारिस, म्हणजेच ध्रुव, दिसला तर बाकीची नावंही भरवशाची.

आणि हो, लाल नाईट मोड लावा. अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.