मायनरला बायोइन्फॉर्मेटिक्स? बिनधास्त घ्या!

नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजरबरोबर मायनर निवडायची वेळ आली की बायोटेक, प्राणिशास्त्र, कॉम्प्युटरवाली मुलं हमखास विचारतात, "बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये नेमकं करतात काय?"

एक उदाहरण घ्या. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार बऱ्यापैकी आढळतो. त्याचं मूळ हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात आहे. तिथे जीएजीचं जीटीजी होतं, म्हणजे फक्त एक अक्षर बदलतं, आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एनसीबीआय या जनुकीय माहितीच्या संकेतस्थळावरून निरोगी आणि बदललेला असे दोन्ही क्रम फुकट उतरवा, ब्लास्ट या क्रमांची तुलना करणाऱ्या साधनात शेजारी शेजारी लावा. फरक लगेच दिसतो. (पुस्तकात ही जागा सहावी, डेटाबेसमध्ये सातवी! तिथे सुरुवातीचं मेथिओनिनही मोजतात. पहिल्या प्रॅक्टिकलला इथेच गोंधळ उडतो.)

हे एका जनुकाचं झालं. माणसाचा अख्खा जीनोम सुमारे 300 कोटी अक्षरांचा. तो डोळ्यांनी कोण वाचणार? म्हणून पायथन हवं, आणि त्याहून जास्त संख्याशास्त्र. मुलं नेमकं तेच टाळतात.

साधा लॅपटॉप आणि बरं इंटरनेट सुरुवातीला पुरतं. पुणे विद्यापीठात तर बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र 1987 पासून आहे.

फक्त प्रवेशाआधी अभ्यासक्रम नीट बघा. प्रॅक्टिकलचे तास आणि छोटा प्रोजेक्ट नसेल, नुसत्या व्याख्याच असतील, तर मी म्हणेन संख्याशास्त्राचा मायनर घ्या आणि ब्लास्ट घरी शिका.