पोटात बाळ, हातात विमानाचे तिकीट

आज आपण एका अशा प्रश्नावर बोलणार आहोत, जो दहा वर्षांपूर्वी आपल्या गटांच्या बैठकीत कुणी काढला नसता. बचत गटाच्या कामासाठी विमानाने जायचे आहे आणि नेमके दिवस गेले आहेत. जावे की नाही? आणि जायचे ठरवले, तर छातीतल्या धडधडीचे काय करावे?

हा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. पैठणी आणि हिमरू विकायला आपल्याकडच्या बाया दिल्लीच्या सरस मेळ्यात जातात. कुणाला हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्थेत प्रशिक्षणाचे बोलावणे येते. बहुतेक वेळा प्रवास रेल्वेनेच होतो, पण कधी कधी विमानाचे तिकीट हातात पडते. चिकलठाण्याहून मुंबई तासाभरात येते, दिल्लीला साधारण दोन तास लागतात. सचखंड एक्सप्रेसने दिल्ली गाठायला जवळजवळ एक दिवस जातो.

तिकीट आले की घरात बोलणी सुरू होतात. सासूबाई म्हणतात, "पोटुशी बाईने असले धाडस करू नये." गटातली एखादी म्हणते, "तिच्याऐवजी दुसरीला पाठवा." आणि जिला जायचे आहे ती गप्प बसते, कारण तिला स्वतःलाच भीती वाटत असते.

भीती वेगळी, धोका वेगळा

सगळ्यात आधी या दोन गोष्टी वेगळ्या करू. धोका आहे की नाही, हे तपासणीतून कळते. ते डॉक्टरांना विचारायचे. भीती ही आपल्या मनाची आणि शरीराची गोष्ट आहे. ती माहितीने आणि तयारीने कमी होते. दोन्हींची सरमिसळ झाली की एक तर जाता येण्यासारखे असूनही बाई घरी राहते, नाही तर जाऊ नये अशी स्थिती असताना लाजेपोटी निघते. दोन्हींत नुकसान तिचेच.

डॉक्टरांना काय विचारायचे?

गरोदरपण सुरळीत असेल तर अधूनमधून विमानाने जायला हरकत नसते, असेच स्त्रीरोगतज्ज्ञ सांगतात. सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे चौथा ते सहावा महिना. तोवर मळमळ कमी झालेली असते आणि पोट फार जड झालेले नसते.

मात्र काही जणींनी डॉक्टरांनी स्पष्ट 'हो' म्हटल्याशिवाय निघू नये. अंगावरून रक्त जात असेल, वार खाली असेल, रक्तदाब वाढलेला असेल, पोटात जुळी असतील, आधीचे बाळंतपण दिवस भरण्याआधी झाले असेल किंवा पूर्वी पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली असेल, तर आधी विचारा.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे रक्त. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर 100 गरोदर स्त्रियांपैकी 52 जणींना रक्तक्षय आढळला. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेले की रक्तक्षय म्हणतात आणि 7 च्या खाली गेले तर तो तीव्र असतो. विमानात हवा थोडी विरळ असते, म्हणून रक्त फार कमी असलेल्या बाईला तिथे त्रास होऊ शकतो. तिकिटाची तारीख कळली की लगेच हिमोग्लोबिन तपासून घ्या. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत होते, ती चुकवू नका.

विमान कंपन्यांचे नियमही असतात. साधारण 32 आठवड्यांपर्यंत, म्हणजे आठवा महिना सुरू होईपर्यंत, अडवत नाहीत. त्यानंतर प्रवासाला योग्य असल्याचे डॉक्टरांचे ताजे प्रमाणपत्र मागतात. 36 आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या बसू देत नाहीत. जुळ्यांसाठी नियम आणखी कडक असतात. प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असते, म्हणून तिकीट काढतानाच विचारा. परतीच्या तारखेलाही कितवा आठवडा असेल, ते मोजा. जाताना चालले आणि येताना अडवले, असे व्हायला नको.

"बाळाला काही होणार नाही ना?"

विमान कितीही उंच उडाले तरी आतली हवा दाबाने राखलेली असते. साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीच्या गावात असते तेवढी ती विरळ होते. आपले कळसूबाई 1646 मीटर उंच आहे आणि शिमला सुमारे 2200 मीटरवर आहे. शिमल्यात बाया गरोदर राहतात, बाळंत होतात. शिवाय पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन आपल्यापेक्षा वेगळे असते, ते ऑक्सिजन जास्त घट्ट धरून ठेवते. निरोगी आईच्या बाळाला ही हवा पुरते.

विमानतळावर ज्या चौकटीतून चालत जायचे असते, तिची पुष्कळ जणींना धास्ती वाटते. ती फक्त धातू ओळखते. तिच्यात क्ष-किरण नसतात. क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते ती आपली बॅग. बायकांची अंगझडती पडद्याआड महिला जवान घेतात. तरीही मनात शंका असेल तर "मी गरोदर आहे, हाताने तपासा" असे सरळ सांगा.

"विमान पडले तर?"

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात उगाच विचारला जात नाही. 26 एप्रिल 1993 रोजी इथून मुंबईला निघालेले विमान धावपट्टीच्या पलीकडे बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले आणि 55 माणसे गेली. जुन्या माणसांना ते अजून आठवते. जून 2025 मधला अहमदाबादचा अपघात तर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. म्हणून घरातली मोठी माणसे घाबरली तर त्यांना हसू नका.

पण त्यांच्यासमोर दुसरा आकडाही ठेवा. 2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत 1 लाख 68 हजारांहून जास्त माणसे दगावली. रोज होणारे हे मृत्यू टीव्हीवर दिसत नाहीत, विमानाचा एक अपघात मात्र महिनाभर दिसतो. ज्या बाईला विमानाची भीती वाटते, ती काळीपिवळीत दाटीवाटीने बसून बाजाराला जाते आणि तिला काही वाटत नाही. सवयीच्या गोष्टीची भीती वाटत नाही, एवढाच याचा अर्थ.

सासूबाईंच्या सल्ल्यातही तथ्य आहे. त्यांच्या काळी लांबचा प्रवास म्हणजे बैलगाडी, खाचखळगे आणि वाटेत दवाखाना नाही. तेव्हा तो सल्ला बरोबरच होता. त्यांना तपासणीला सोबत न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. त्यांचेही मन हलके होईल.

विमानात काय काय होते?

आधी माहीत असेल तर अर्धी भीती जाते. सुरुवातीला विमान जोरात धावते आणि पाठ खुर्चीला दाबली जाते. उडाल्यावर खालून खडखड, धप्प असा आवाज येतो. तो चाके आत घेतल्याचा असतो. थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो, तेव्हा विमान खाली चालल्यासारखे वाटते. वर चढायला लागणारा जोर कमी केलेला असतो, एवढेच. 'टिंग' वाजते ते पट्ट्याच्या सूचनेचे किंवा कर्मचाऱ्यांना बोलावण्याचे. उतरल्यावर मोठ्ठा घोंघाट होतो, तो वेग कमी करण्याचा असतो.

मध्येच विमान हलते. हवेलाही रस्त्यासारखे चढउतार असतात. एसटी खड्ड्यांतून जाते तेव्हा आपण हिंदकळतो, तसेच ते. पंख हलताना दिसतील. ते वाकावेत असेच बनवलेले असतात. अशा वेळी पट्टा बांधलेला असला म्हणजे झाले. तो पोटावरून घेऊ नका. पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसेल असा घ्या.

कान दडपले तर बडीशेप किंवा गोळी चघळा, आवंढा गिळत राहा.

धडधड सुरू झाली तर

छाती धडधडते, तळहात ओले होतात, तोंड कोरडे पडते. ही शरीराची धोक्याची घंटा आहे आणि ती कधी कधी उगाच वाजते. घटकाभराच्या भीतीने बाळाला इजा होत नाही. "मी घाबरले, आता बाळाचे काय होईल" असे म्हणून भीतीत भर घालू नका.

नाकाने चार मोजत श्वास घ्या आणि सहा मोजत हळू सोडा. सोडताना जास्त वेळ लागला पाहिजे. असे दहा वेळा करा. मग दोन्ही पाय जमिनीला टेकवा आणि समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे मनात घ्या. शेजारणीशी बोला, जात्यावरच्या ओव्या येत असतील तर गुणगुणा. ओवी म्हणताना श्वास आपोआप लांबतो.

याचा सराव घरी आठवडाभर आधी सुरू करा. विमानात बसल्यावर पहिल्यांदा करून जमत नाही.

झोपेची किंवा 'मन शांत करणारी' गोळी कुणी दिली म्हणून घेऊ नका. उलटीची गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. आणि भीती फक्त विमानापुरती नसेल, झोप उडाली असेल, सतत वाईट विचार येत असतील, तर टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येते.

निघताना

माता व बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, सोनोग्राफीचा कागद आणि लोहाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगेत टाकू नका. कात्री, अडकित्ता, सुया मात्र मोठ्या बॅगेत. दोन तास आधी पोहोचा म्हणजे धावपळ होणार नाही. बाजूच्या वाटेलगतची जागा मागा, लघवीला उठायला सोपे जाते. उभे राहवत नसेल तर चाकाची खुर्ची मागा, त्यात कमीपणा नाही.

आदल्या दिवशी हरभरा, वाल, सोडा टाळा. उंचावर पोटातला वायू फुगतो. पाणी पीत राहा. बसल्या जागी टाचा आणि चवडे वरखाली करा, एकदा उठून चाला. पायात रक्त साकळू नये म्हणून हे करायचे आणि बस-रेल्वेतही तेवढेच करायचे.

एक गोष्ट आम्हाला आवर्जून सांगायची आहे. विमान दोन तासांचे असते, मेळा मात्र दहा-बारा दिवसांचा. दिवसभर उभे राहणे, खोकी उचलणे, वेळेवर जेवण नसणे, हे गरोदर बाईला विमानापेक्षा जास्त जड जाते. दिल्लीत व्यापार मेळा 14 ते 27 नोव्हेंबरला भरतो, तेव्हा तिथली हवाही फार खराब असते. म्हणून जाण्याआधी ठरवून घ्या: बसायला खुर्ची मिळेल का, ओझे कोण उचलेल, जवळचा दवाखाना कोणता. आणि रक्तस्राव, पाणी जाणे, सतत पोट दुखणे, डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यातले काहीही झाले तर काम सोडून दवाखाना गाठा. 108 ला फोन करा. विमानात असाल तर डोक्यावरचे बटण दाबून कर्मचाऱ्यांना सांगा.

गटाच्या बैठकीत बोला

हा निर्णय कुणाचा? डॉक्टरांनी नाही म्हटले तर प्रश्नच मिटला. मग तिच्या जागी दुसरी जाईल, पण पुढच्या वर्षीची पहिली संधी तिची, हे त्याच बैठकीत लिहून ठेवा. डॉक्टरांनी हो म्हटले तर निर्णय तिचा. "तुला झेपणार नाही" असे म्हणून गटाने तिचे नाव परस्पर कापू नये. आणि "तिकीट काढले आहे, आता जावेच लागेल" असेही म्हणू नये. सगळी तपासणी चांगली असूनही तिला जावेसे वाटले नाही, तर तेवढे कारणही पुरे आहे.

ती निघालीच तर सोबत एक अनुभवी मैत्रीण द्या. दोघींच्या जागा शेजारी घ्या. चिकलठाण्याला निघण्याआधी तिचे कार्ड, गोळ्या आणि पाण्याची बाटली पिशवीत आहे ना, एवढे बघणे गटाचे काम.