पाणी नितळ आहे, पण शुद्ध आहे का?

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत एका आजाराने घरोघरी धास्ती भरली. आधी जुलाब-उलट्या, काही दिवसांनी पायांत मुंग्या, आणि मग उठून उभेही राहता येईना. काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागला. संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही दगावले. हा आजार म्हणजे गुलेन बारी सिंड्रोम, जीबीएस.

हातपाय लुळे पडले की आपल्याकडे 'वारं गेलं', 'करणी केली' म्हणत अंगारे-धुपाऱ्यांत मोलाचे दिवस जातात. पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेने मात्र रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले. काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दोन्ही दूषित अन्न-पाण्यातून पोटात जातात.

हा जिवाणू सहज हाती लागत नाही. त्याला प्राणवायू थोडाच चालतो आणि कोंबडीच्या अंगाएवढी, सुमारे 42 अंशांची ऊब मानवते. त्यामुळे नेहमीच्या तपासणीत तो निसटत असे. इंग्लंडचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मार्टिन स्किरो यांनी इतर जिवाणूंना रोखून त्यालाच वाढू देणारी पद्धत वापरली आणि जुलाबाचे 803 रुग्ण तपासले. 57 जणांत तो मिळाला. जुलाब नसलेल्या 194 जणांत एकातही नाही. हे 1977 साली प्रसिद्ध झाले आणि जुलाबाचे एक मोठे कारण जगाला कळले.

पण जुलाबाच्या जिवाणूने पाय का लुळे पडावेत? त्याच्या आवरणाचा काही भाग आपल्या नसांवरच्या घटकासारखा असतो. जिवाणूशी लढायला शरीर जी प्रतिद्रव्ये तयार करते, ती चुकून नसांवरच तुटून पडतात. हे फार थोड्या रुग्णांत घडते. जीबीएस एकापासून दुसऱ्याला लागत नाही, म्हणून रुग्णाला किंवा त्याच्या घरच्यांना दूर लोटू नये.

आपल्या वस्त्यांत नळाची लाइन आणि गटार बहुधा शेजारी असतात. पाणी गेले की पाइपातला दाब उतरतो आणि फुटक्या जोडातून घाण आत ओढली जाते. म्हणून नळ आल्यावरचे पहिले पाणी पिण्यासाठी भरू नये. जारचे पाणी विकत घेतले म्हणून ते शुद्धच, असेही नाही. त्या साथीत महापालिकेने काही खाजगी आरओ प्रकल्प बंद केले होते.

सर्वांत भरवशाचा उपाय उकळण्याचा. गॅस महाग आहे हे आम्हाला ठाऊक आहे, पण खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे; वीस मिनिटे भांडे ठेवण्याची गरज नाही. क्लोरीनच्या थेंबांनी जिवाणू मरतात, पण जिआर्डियासारख्या परजीवींची कवचे सहज मरत नाहीत. उकळल्याने दोन्ही मरतात. उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि ओगराळ्याने घ्यावे.

कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नये, शिंतोड्यांबरोबर जिवाणू ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात. ज्या विळीवर चिकन कापले, ती साबणाने धुतल्याशिवाय तिच्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नये. हाडाजवळचा लालसरपणा जाईपर्यंत शिजवावे.

एक काम मात्र घरात होणारे नाही. नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते. ओटी चाचणीत औषधाचा थेंब टाकला की क्लोरीन असलेले पाणी पिवळे होते. महिला मंडळाने आणि तरुणांनी मिळून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा आणि ही चाचणी टाकीवर न होता वस्तीच्या शेवटच्या नळावर व्हावी, असा आग्रह धरावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

जुलाबानंतर दोन-तीन आठवड्यांत हातापायांत मुंग्या आल्या, जिना चढता येईना, घास गिळता येईना, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी ससूनसारखे मोठे सरकारी रुग्णालय गाठा आणि आधी जुलाब झाले होते, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात.