तान्ह्या बाळाचं रात्रीचं रडणं: गॅस किती, गैरसमज किती?

महिना-दीड महिन्याचं बाळ रात्री रडायला लागलं की घरात निदानांना तोटा नसतो. आजी म्हणते, पोटात वात धरलाय. मालीशवाल्या बाई म्हणतात, बाळंतिणीनं काहीतरी वातड खाल्लं असणार. शेजारच्या काकू हिंगाची डबी घेऊन येतात आणि बाळाचे बाबा मेडिकलचं दुकान बंद व्हायच्या आत थेंबांची बाटली आणायला धावतात. तासाभरानं बाळ दमून झोपतं आणि सगळ्यात शेवटी जे केलेलं असतं, त्याला श्रेय मिळतं.

हे श्रेय किती खरं, ते ठरवायला एक गोष्ट आधी माहीत हवी. निरोगी बाळाच्या रडण्याला एक ठरलेला चढउतार असतो. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत गेलं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास दिवसाला पावणेतीन तासांपर्यंत पोचलं आणि मग उतरत गेलं. त्यातलं बरंचसं रडणं संध्याकाळी आणि रात्रीच्या पहिल्या प्रहरात होतं. पुढे अनेक देशांतल्या अभ्यासांमध्येही साधारण हेच दिसलं: पहिले सहा आठवडे रोज सरासरी दोन तास रडणं आणि दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत जवळपास निम्मं. म्हणजे सहाव्या आठवड्यात सुरू केलेला कुठलाही उपाय बाराव्या आठवड्यापर्यंत ‘लागू पडतो’. बरं करतं ते वय, नाव होतं बाटलीचं.

गैरसमज १: पाय पोटाशी घेतो, पोट कडक लागतं, म्हणजे गॅसच.

वस्तुस्थिती: कोणत्याही कारणानं जोरात रडणारं बाळ असंच दिसतं. चेहरा लाल होतो, मुठी आवळल्या जातात, पोटाचे स्नायू ताठ होतात, पाय वर ओढले जातात. रडताना बाळ भरपूर हवा गिळतं आणि तीच पुढे वाऱ्यावाटे बाहेर पडते. त्यामुळे गॅस हे बऱ्याचदा रडण्याचं कारण नसून परिणाम असतो.

निरोगी, दूध नीट पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळाच्या अशा न थांबणाऱ्या रडण्याला डॉक्टर ‘कोलिक’ म्हणतात. दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ, हा त्याचा जुना निकष १९५४ साली वेसल आणि सहकाऱ्यांनी मांडला. आजचे निकष तासांच्या हिशेबावर तेवढे अडून बसत नाहीत. हे रडणं पाच महिन्यांच्या आत सुरू होऊन थांबतं आणि बाळाची वाढ व तब्येत ठीक असते, यावर त्यांचा भर आहे. कोलिकचं एकच एक कारण अजून सापडलेलं नाही. पण ‘पोटात अडकलेला वारा’ एवढ्यावर त्याचा उलगडा होत नाही, हे नक्की.

गैरसमज २: रात्री झोपेत कण्हतो, कुंथतो, तेव्हा त्याच्या पोटात दुखत असतं.

वस्तुस्थिती: नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप ‘सक्रिय’ असते. या झोपेत बाळ तोंड वेडंवाकडं करतं, हातपाय झाडतं, घुरघुरतं, क्षणभर रडल्यासारखंही करतं, पण ते जागं नसतं. लगेच उचलून दिवा लावला की मात्र खरोखर जागं होतं. म्हणून आवाज आला की थोडं थांबा. डोळे उघडे आहेत का, रडणं वाढतंय का, ते पाहा आणि मग उचला.

दुसरा प्रकार शी करण्याआधीचा. बाळ दहा-दहा मिनिटं कुंथतं, लालबुंद होतं, रडतं आणि शेवटी मऊ शी करतं. पोटानं जोर लावायचा आणि त्याच वेळी खालचे स्नायू सैल सोडायचे, हा मेळ त्याला अजून जमलेला नसतो. शी मऊ असेल तर हा बद्धकोष्ठ नाही. काही आठवड्यांत ते आपोआप शिकतं. एरंडेल लावलेला विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी गुदद्वारात घालू नये. तिथली त्वचा दुखावते आणि बाळाचं हे शिकणं लांबतं.

गैरसमज ३: आईनं डाळ, कोबी, वाटाणा खाल्ला की बाळाला गॅस होतो.

वस्तुस्थिती: डाळी-भाज्यांतल्या न पचलेल्या तंतूंवर आईच्या मोठ्या आतड्यातले जंतू काम करतात आणि तिथे वायू तयार होतो. तो वायू दुधात उतरत नाही. दूध रक्तातून बनतं, आतड्यातून नाही. बाळंतिणीला मात्र पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० जादा उष्मांक लागतात. डाळ, उसळ, पालेभाजी, फळं बंद करून तिला तूपभातावर ठेवणं म्हणजे ऐन गरजेच्या वेळी तिचं जेवण कापणं. अळीव, डिंकाचे लाडू, बाजरीची भाकरी आवडत असेल तर जरूर खावी, पण सोबत उसळही चालते.

याला एक खरा अपवाद आहे. काही थोड्या बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असते आणि ते प्रथिन आईच्या दुधातून येऊ शकतं. शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखा चिकट पदार्थ, अंगावर न जाणारं पुरळ, सततच्या उलट्या, वजन न वाढणं अशी लक्षणं असतील तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूध-दही-पनीर बंद करायला सांगतात आणि फरक पडला का ते पुन्हा सुरू करून तपासतात. आपल्या मनानं एकेक पदार्थ सोडत जाण्याचं कारण नाही.

गैरसमज ४: ढेकर निघाल्याशिवाय बाळाला खाली ठेवायचं नाही.

वस्तुस्थिती: चंडीगडच्या पीजीआय संस्थेत ७१ आई-बाळांच्या जोड्यांवर एक चाचणी झाली आणि ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. काही आयांना ढेकर काढायला शिकवलं, काहींना नाही. तीन महिन्यांत कोलिकमध्ये दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. उलट ढेकर काढलेली बाळं गुळणी जास्त टाकत होती.

याचा अर्थ खांद्यावर घेणं वाईट, असा नाही. पिताना बाळ चुळबुळ करत असेल, बाटलीनं पीत असेल, तर पाच-दहा मिनिटं उभं धरणं बरं. पण दूध पिता पिता गाढ झोपलेल्या बाळाला मध्यरात्री थोपटून जागं करण्याची गरज नाही.

हवा कमी गिळली जावी असं वाटत असेल तर ढेकरेपेक्षा पाजण्याकडे लक्ष द्या. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड नको, भोवतालचा काळा भागही बराचसा यायला हवा. एका बाजूचं दूध पूर्ण पिऊ द्यावं, मग दुसरी बाजू. बाळ भुकेनं कासावीस होऊन रडायच्या आधीच घ्यावं.

गैरसमज ५: ग्राइप वॉटर निरुपद्रवी असतं. पिढ्यान् पिढ्या देत आलोय.

वस्तुस्थिती: हे पाणी इंग्लंडमधलं. नॉटिंगहॅमचे औषधविक्रेते विल्यम वुडवर्ड यांनी ते १८५१ साली तयार केलं. मूळ मिश्रणात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि अल्कोहोल होतं. बाळ शांत का व्हायचं, ते यादी वाचूनच कळतं. ब्रिटनमध्ये त्यातलं अल्कोहोल १९९० च्या दशकात काढलं गेलं. आजच्या बाटल्यांत ते नसलं, तरी कोलिक बरं होतं याचा भरवशाचा पुरावा नाही. गोड चवीनं बाळ घडीभर गप्प होतं, एवढंच. आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यायचं नाही, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला या पाण्यालाही लागू होतो.

गॅसवर म्हणून दिले जाणारे सिमेथिकोनचे थेंब फारसे घातक नाहीत, पण उपयोगीही ठरलेले नाहीत. १९९४ मधल्या ८३ बाळांच्या चाचणीत ते बिनऔषधी द्रवापेक्षा सरस निघाले नाहीत. खरी सावधगिरी हवी ती डायसायक्लोमिनबाबत. पोटाचा मुरडा थांबवणारं हे औषध सहा महिन्यांखालच्या बाळाला द्यायचं नसतं, कारण त्यानं श्वास थांबल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली किंवा दुकानदारानं ‘पोटदुखीचे थेंब’ म्हणून दिलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता देऊ नका.

गैरसमज ६: गुटी, मध, हिंग नैसर्गिक आहेत. त्यांनी काय होणार?

वस्तुस्थिती: मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडू शकतं. म्हणून वर्षभर मधाचं बोटही नाही, गुटी उगाळतानाही नाही.

गुटीत मुरुडशेंग, बाळहिरडा, जायफळ, वेखंड अशी कितीतरी द्रव्यं असतात. सहाणेवर किती वेढे दिले यावर मात्रा ठरते, म्हणजे ती रोज वेगळी असते. वेखंडातल्या बीटा-अ‍ॅसारोनमुळे अमेरिकेत ते खाण्यात वापरायला १९६८ पासून बंदी आहे. सहाण आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब होतात ते वेगळेच. आणि १९८४ साली फ्लोरिडात भारतीय घरगुती पावडरींतल्या शिशामुळे एक बाळ दगावल्याची नोंद आहे.

हिंगाचा लेप बेंबीभोवती लावल्यानं गॅस सुटतो याला आधार नाही आणि नाजूक कातडीवर पुरळ येऊ शकतं. नाळ गळायची असेल तर तिथे काहीच लावू नये. ती कोरडी ठेवणं हीच काळजी. हिंग पोटात तर अजिबात देऊ नये. हिंगामुळे पाच आठवड्यांच्या एका बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता बिघडल्याचं वैद्यकीय साहित्यात नोंदलेलं आहे.

गैरसमज ७: शेक द्यावा, धुरी द्यावी, पालथं झोपवावं.

वस्तुस्थिती: तव्यावर गरम केलेल्या फडक्यानं बाळाची कातडी भाजते, कारण ती आपल्यापेक्षा पातळ असते. ओव्याच्या धुरीचा धूर त्याच्या फुप्फुसात जातो. याच समजुतीचं टोक मेळघाटात दिसतं. तिथे पोटफुगीवर ‘डंबा’ म्हणून तापल्या लोखंडानं पोटावर चटके देण्याची प्रथा अजून पूर्ण गेलेली नाही आणि असं भाजलेलं बाळ अतिदक्षता विभागात आल्याच्या बातम्या येत राहतात. त्यातली काही बाळं गॅसनं रडत नसतात, खरोखर आजारी असतात. उपचाराचा मौल्यवान वेळ चटक्यात जातो.

पालथं झोपवल्यानं बाळ शांत होतं हे खरं, पण झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका त्याच स्थितीत वाढतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम झाली, तेव्हा असे मृत्यू निम्म्यावर आले. पालथं ठेवायचं ते जागेपणी, नजरेसमोर. झोपताना उताणं, सपाट, घट्ट अंथरुणावर. मोहरीची उशी आणि जाड दुलया दूर ठेवाव्यात.

गैरसमज ८: इतकं रडतंय म्हणजे आईचं दूध पुरत नाही.

वस्तुस्थिती: दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून कळत नाही, लंगोट आणि वजनकाट्यावरून कळतं. पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा जास्त वेळा शू आणि रोज सरासरी २० ते ३० ग्रॅम वजनवाढ असेल तर दूध पुरेसं आहे. भीतीपोटी पावडरचं दूध सुरू केलं की बाळ अंगावर कमी ओढतं आणि मग खरोखरच दूध कमी होतं.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. शेवटची भेट नेमकी रडणं ऐन भरात असताना होते. त्या दिवशी वजन करून घ्या आणि हा विषय काढा.

मग रात्री करायचं काय?

आधी कपडे काढून नीट पाहा. केस किंवा धागा बोटाला गुंडाळला गेलाय का, काळा दोरा, करगोटा किंवा मनगट्या रुतल्यात का, मुंगी चावली का, लंगोट ओला आहे का. भूक असेल तर पाजा. नंतर छातीशी उघड्या अंगाला लावून धरा, किंवा पालथं आपल्या हातावर घेऊन, डोकं कोपराशी ठेवून, हळूहळू फिरा. पाय सायकलसारखे हलवणं, पोटावर घड्याळाच्या दिशेनं हलका हात फिरवणं, कोमट पाण्यानं पुसणं यांनी काही बाळं निवतात. दिवे मंद ठेवा, आवाज कमी करा, एकामागून एक पाच उपाय करू नका. आजीला इथे मोठं काम आहे. सहाण बाजूला ठेवून बाळ तिच्या खांद्यावर द्या आणि आईला दोन तास झोपू द्या.

राग अनावर झाला तर बाळाला अंथरुणावर सुरक्षित ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. रडण्यानं बाळाला इजा होत नाही, गदागदा हलवण्यानं मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका:

- तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, किंवा अंग गार पडणं
- हिरवी उलटी
- शीमध्ये रक्त
- पोट सतत फुगलेलं आणि टणक, शी-वारा बंद
- जांघेत न दबणारा फुगवटा
- दूध न ओढणं, शू कमी होणं
- बाळ सुस्त, पांढरंफटक, किंवा रडणं क्षीण अथवा नेहमीपेक्षा वेगळं

गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

यातलं काही नसेल, तर एका वहीत रोजचं रडणं लिहीत चला: कधी सुरू झालं, किती वेळ चाललं, काय केलं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांना ती वही दाखवलीत तर त्यांना निदानाला मदत होते. आणि तिसरा महिना सरताना रडण्याचे तास कमी होऊ लागले, की त्या आठवड्यात कुणाच्या सल्ल्यानं काय सुरू केलं होतं याला श्रेय द्यायचं की बाळाच्या वयाला, ते वहीतल्या तारखा सांगतील.