गाळ्याची किंमत आणि भाड्याचे बळ

दिवाळीत वहीपूजन आटोपले की पेढीवर वर्षाचा आढावा सुरू होतो. माल किती, उधारी किती, देणे किती, हे बारकाईने पाहिले जाते. आजोबांनी घेतलेला बाजारपेठेतील गाळा मात्र वहीत जुन्या खरेदी किमतीलाच नोंदलेला राहतो. त्याचे मोल कितीतरी पटींनी वाढलेले असते. परंतु व्यापार वाढवायला भांडवल हवे असते, तेव्हा ते मोल हाताशी येत नाही. मग घरात दोन मते पडतात : गाळा विकावा, की तारण ठेवून कर्ज घ्यावे?

विक्रीने रक्कम एकदाच मिळते आणि भाडे कायमचे थांबते. दीर्घकालीन भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर असून अधिभार व उपकर वेगळे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना महागाई निर्देशांकासह २० टक्के दराचाही पर्याय आहे. कर्जाची रक्कम मात्र उत्पन्न नसल्याने तिच्यावर प्राप्तिकर नाही. ती व्यापारात वापरल्यास व्याज खर्च म्हणून वजा होते.

म्हणून तारणाचा मार्ग सोयीचा वाटतो. येथेच एक चूक घडते : कर्ज गाळ्याच्या किमतीवर मोजले जाते, भाड्यावर नाही.

एक उदाहरण घेऊ. गाळ्याची बाजारकिंमत २ कोटी आणि मासिक भाडे ८० हजार आहे. बँक निम्म्या किमतीइतके, म्हणजे १ कोटीचे कर्ज देण्यास तयार आहे. १० टक्के व्याजाने १५ वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे १ लाख ७ हजार होतो. मालमत्ता कर व देखभाल वगळून भाड्यातले ६८ हजार उरतात. दरमहा ३९ हजार पेढीच्या गल्ल्यातून भरावे लागतील; भाडेकरू सोडून गेला, तर पूर्ण हप्ता. वर्षातले दोन महिने गाळा रिकामा राहील असे धरले, तर भाड्याच्या बळावर पेलणारे कर्ज सुमारे ५३ लाखच ठरते. भाड्यावरील प्राप्तिकर मोजला, तर त्याहूनही कमी. बँकेने देऊ केलेला आकडा आणि गाळ्याला झेपणारा आकडा यांतील हे अंतर आहे.

भाडेकरू बँक किंवा मोठी कंपनी असेल आणि करार दीर्घ मुदतीचा असेल, तर येणाऱ्या भाड्यावरच कर्ज मिळू शकते. यात भाडे थेट कर्जखात्याकडे वळवले जाते आणि मुदत साधारणपणे कराराच्या उरलेल्या काळात बसवली जाते. भाडेकराराची नोंदणी आणि मालकीची कागदपत्रे चोख नसतील, तर हा मार्ग बंद होतो.

गरज किती काळाची, हेही पाहावे. हंगामात तूर किंवा हळद भरण्यासाठी चार महिने पैसा लागत असेल, तर १५ वर्षांचे कर्ज कशाला? तोच गाळा तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट घेतल्यास वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतेच व्याज पडते. लग्न, बंगला किंवा गाडी यांसाठी गाळा गहाण पडला, तर त्या खर्चातून हप्ता भरणारे उत्पन्न उभे राहत नाही.

जोखीम कागदावरची नाही. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ नुसार बँक ६० दिवसांची नोटीस देऊन, न्यायालयात दावा न लावता, मालमत्तेचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते. गाळा भावाभावांच्या नावावर असेल, तर संपूर्ण गाळ्याच्या तारणासाठी सर्वांच्या सह्या लागतात. एकाच्या व्यापाराचे ओझे मग सर्वांच्या वाट्यावर येते. त्यामुळे कर्ज कोणासाठी, फेडणार कोण आणि वाटणी झाल्यास ते कोणाकडे जाईल, हे सही करण्यापूर्वीच लेखी ठरलेले बरे.

यंदाच्या वहीपूजनानंतर गाळ्याच्या पानावर दोन आकडे लिहावेत : आजची किंमत आणि खर्च वजा जाता हाती येणारे भाडे. पहिला आकडा मनाला समाधान देईल; कर्जाचा निर्णय दुसऱ्याला विचारून घ्यावा.