साठ जुड्या

पहाटे ४.४५
नाणेघाटाच्या पायथ्याची ठाकरवाडी. जुलैचा दुसरा आठवडा. रात्रभर कोसळून पाऊस आता भुरभुर करतोय. रानभाज्या खुडून विकणाऱ्या मावशींनी नाचणीच्या चार भाकऱ्या भाजून फडक्यात बांधल्या. पाटीत विळा, अॅल्युमिनियमचं पातेलं, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत तेल, पुडीत मीठ-मिरची, मूठभर जवळा. काडेपेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. शिवाय सायकलच्या ट्यूबची वीतभर पट्टी. माझ्या पाठपिशवीत ट्रेकचं सामान: तळहाताएवढा बर्नर, २३० ग्रॅम गॅसचा डबा, लिटरभराचं पातळ भांडं. सगळं मिळून किलोच्या आत.

५.३०
वाटेच्या कडेला टाकळा माजलाय. पानं अजून मिटलेली. टाकळा रात्री पानं मिटतो. मी वाकले तर मावशी म्हणाल्या, "रस्त्याचा नको ताई. धूळ खातो तो. वरचा घेऊ."

६.१५
फोडशी शोधायची म्हणजे गवतात गवत शोधायचं. पातं तसंच लांब, हिरवं. फरक बुडाशी: फोडशीचा बुडखा पांढरा, जरा फुगीर. मला दहा मिनिटांत एक सापडते. मावशींचा हात मात्र न थांबता चालतो. आधी काठीनं झुडूप झोडपायचं. पावसात हिरवा चापडा साप झुडपावर बसतो आणि पानातून वेगळा दिसत नाही. मग डाव्या मुठीत पाती धरायची, विळ्याचं टोक बुडाशी घालायचं, हलका हिसका. कंद मातीत राहायला हवा. कंद राहिला तर पुढच्या पावसात तिथंच फोडशी उगवते. एका जुडीला तीस-पस्तीस वेळा वाकावं लागतं. मी मोजलं.

एक कोवळा, लुसलुशीत कोंभ मी खुडायला गेले. "तिला नको हात लावू! कळलावी हाय ती." पानाचं टोक धाग्यासारखं वळलेलं. ओळख तेवढीच. कळलावी पोटात गेली तर माणूस जातो. फुलं आल्यावर ती कुणीही ओळखेल, कोंभात ओळखणं हे खरं शिक्षण. मावशींना ते त्यांच्या आईनं दिलं.

९.००
उतारावर भारंगी. फक्त शेंड्याची पानं. ओढ्याकाठी कुर्डू. शेवळं जूनमध्येच संपली. "ती काकडाच्या फळासंगं नाय शिजवली तर घसा खाजतो," मावशी सांगतात. कंटोलीचे वेल चढलेत, फळ धरायला अवकाश आहे. पाटी भरत आली. ओली भाजी जड असते. मी उचलून पाहिली, दोन पावलांत मान अवघडली.

१२.१०
कातळाच्या कपारीत बसलो. मावशींनी तीन दगड मांडले. कपारीच्या आत मागच्या खेपेला ठेवलेल्या काटक्या होत्या, तरी दमट. ट्यूबच्या पट्टीला काडी लावली. काळा धूर, उग्र वास, मग एकदम जाळ. माझा बर्नरही पेटला, पण वारा ज्योत आडवी करत होता. मावशींनी पाटी वाऱ्याच्या बाजूला ठेवून आडोसा केला.

माझ्या भांड्यात भारंगी उकळली. ते कडू पाणी ओतून दिलं, पाला घट्ट पिळला. त्यांच्या पातेल्यात तेल, मिरची, जवळा, वर टाकळ्याचे शेंडे. झाकण म्हणून पळसाचं पान. पिळलेली भारंगीही त्यातच गेली. फोडशी मात्र पाटीतून निघाली नाही. ती विकायची.

भाजी भाकरीवरच घेतली. थोडी कडवट, खारट, धुराची. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

"ह्यो डबा केवढ्याचा?" मावशींनी गॅसकडे बोट केलं.
"साडेतीनशे."
त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पस्तीस जुड्या."

१.३०
ओढ्यात धुणं, निवडणं. फोडशीचे बुडखे मातीनं भरलेले असतात. पिवळं पातं काढायचं, टोकं सारखी करायची, केळीच्या सोपानं बांधायचं. चाळीस जुड्या फोडशी, बारा कुर्डू, आठ भारंगी. पाण्यात राहून मावशींच्या बोटांना चिरा पडल्यात. त्यावर त्या तेल लावतात, बाटलीत उरलेलं.

३.४०
माळशेजकडून कल्याणला जाणारी एसटी. बायकांना अर्धं तिकीट. पाटी पायांत घेऊन मावशी मुरबाडपर्यंत झोपल्या.

५.५०
कल्याण स्टेशनाबाहेर. ओलं पोतं अंथरलं, जुड्या रचल्या, पाणी शिंपडलं. एक माणूस वीस रुपयांची पावती फाडून गेला.

लोकल रिकामी झाली की गर्दीचा लोंढा येतो. पाच मिनिटं गडबड, मग सामसूम, मग पुढची लोकल. "हे गवत काय?" एका मुलीनं विचारलं. मावशींनी सांगितलं: मूगडाळ घाल, कांदा घाल, मीठ शेवटी. तिनं एक घेतली. साडेसातनंतर पानं मलूल व्हायला लागली, तेव्हा पंचवीसला तीन असा भाव झाला.

८.२०
बावन्न जुड्या गेल्या. चाळीस दहाच्या भावानं, बारा पंचवीसला तीननं. पाचशे रुपये. तिकीट जायचं-यायचं एकशे दहा, पावती वीस, चहा-वडापाव पंचवीस. उरले तीनशे पंचेचाळीस. न विकलेल्या आठांपैकी सहा जुड्या शेजारच्या सुकटवालीला दिल्या. तिनं बदल्यात दोन ओंजळी जवळा दिला. दोन मला. पैसे देऊ केले तर मावशींनी घेतले, वीस. ते मला बरं वाटलं.

१०.४०
मावशी वाडीवर पोचल्याचा त्यांच्या मुलाचा फोन आला. पाऊस परत लागलाय. उद्या पलीकडच्या उतारावर जायचं, आजच्या जागेवर आठ दिवस हात लावायचा नाही.

जुलैत कल्याण स्टेशनाबाहेर फोडशी दिसली तर घ्या. शिजवण्याआधी बुडखा उकलून धुवा, माती तिथंच असते.